नरहरपंतांचा कान

सांगलीच्या लोकोदय सार्वजनिक वाचनालयाचा इतिहास लिहून पूर्ण झाला, तेव्हा शरयू बर्वे यांना स्वतःचाच हेवा वाटला. जन्म वाईचा, संसार सांगलीत, आणि सगळी नोकरी कॉलेजात इतिहास शिकवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, बाई वाचनालयाच्या माळ्यावर गेल्या. तिथली धूळ खाऊन, मनसोक्त शिंकून, उशीला घेता येईल एवढं जाड पुस्तक घेऊन खाली उतरल्या. 'पुराव्याशिवाय मी अक्षर लिहीत नाही,' हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्या इतक्यांदा म्हणायच्या, की आमटीत मीठ जास्त झालंय असं म्हणायचीसुद्धा त्यांच्या यजमानांची छाती व्हायची नाही.

वाचनालयाचा इतिहास होताही कुणालाही लिहावासा वाटेल असा. सव्वाशे वर्षांपूर्वी नरहरपंत लिमये नावाच्या वकिलांनी हळदीच्या गोदामावरची एक खोली घेतली आणि तिथे स्वतःची पुस्तकं मांडली. खालून हळदीचा वास आणि वरून गळकं छप्पर, अशी सुरुवात. पहिल्या सभासदांपैकी निम्मे दुपारी वाऱ्याला झोपायला यायचे. पुढे कादंबऱ्या ठेवाव्यात की नाही यावरून दोन तट पडले, आणि विरोधी तटाचे पुढारीच उपरण्याखाली कादंबरी घालून नेताना सापडले. बायकांसाठी पडदा लावून वेगळा कोपरा झाला. मग पडदा गेला, कोपरा राहिला. शहर पसरलं, खोली जाऊन चौकातली दुमजली इमारत उभी राहिली, आणि आता तर वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी अशी दाटीनं बसतात की एकानं पान उलटलं तर शेजारच्याला कोपर लागतं. अधूनमधून कृष्णामाईही आत डोकावून जायची. २००५ साली ती कपाटांच्या कमरेपर्यंत आली, २०१९ साली त्याच्याही वर. दोन्ही वेळा सांगलीकरांनी ओली पुस्तकं गच्च्यांवर आणि देवळांच्या ओवऱ्यांत वाळत घातली, आणि वाळत घालता घालता त्यातली बरीचशी वाचूनही काढली.

सभागृहाच्या दारावर नरहरपंतांची मोठी तसबीर होती. डोक्याला फेटा, बंद गळ्याचा कोट, भरघोस मिशा, आणि उजवा हात शेजारच्या मेजावरच्या जाडजूड पुस्तकावर. दर वर्धापनदिनी कुणीतरी स्टुलावर चढून हार घालायचं आणि तो हार पुढच्या वर्धापनदिनापर्यंत वाळत राहायचा. शरयूताईंनी ह्या तसबिरीकडे पुरावा म्हणून पाहिलं तेव्हा एक अडचण निघाली. जुन्या मंडळींच्या आठवणींत नरहरपंतांना सोनेरी काड्यांचा चष्मा होता. तसबिरीत चष्मा नव्हता. बाईंनी लिहून टाकलं, 'छायाचित्रापुरता तो काढून ठेवला असावा.'

दुसरी अडचण काढली मिरजेच्या बिरदेव शिल्पकारानं. सव्वाशे वर्षांच्या सोहळ्यासाठी नरहरपंतांचा ब्राँझचा अर्धपुतळा अंगणात बसवायचा होता, आणि तो घडवण्याआधी बिरदेव तसबिरीसमोर बराच वेळ मान वाकडी करून उभा राहिला.

"मॅडम, ह्यांचा डावा कान पैलवानाचा हाय. मुरगाळून मुरगाळून पार भजं झालंय त्याचं. तसाच ठिवू का बरा करू?"

शरयूताई स्टुलावर चढल्या. कान खरोखरच पैलवानाचा होता. ह्या मुलखात असा फुगलेला, दुमडलेला कान दिसला की शाळेतलं पोरही सांगेल, गडी लाल मातीतला आहे. आता दुसऱ्या कुणाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असती. बाई हरखल्या. नवा पुरावा मिळाला होता. त्यांनी 'मल्लविद्येचे उपासक नरहरपंत' असं एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यात नरहरपंत पहाटे जोर-बैठका काढून मग कोर्टात जायचे, लाल माती अंगाला लावून मग काळा कोट घालायचे. हे प्रकरण स्थानिक पेपरात छापून आलं, तेव्हा एका तालमीनं वाजतगाजत येऊन वाचनालयाला चांदीचा मुलामा दिलेली गदा भेट दिली. ती तसबिरीखाली उभी केली गेली. बाईंना अगदी कृतकृत्य वाटलं.

रविवारी पुतळ्याचं अनावरण आणि पुस्तकाचं प्रकाशन. चौकात मोठा फ्लेक्स लागला, त्यावर पेरूएवढे डोळे केलेले नरहरपंत. पुस्तकांचे गठ्ठे छापखान्यातून येऊन पडले होते. गुरुवारी सकाळी शरयूताई त्या गठ्ठ्यांवरून प्रेमानं हात फिरवत होत्या, तेवढ्यात दारात एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा, आणि हातात औषधांची पिशवी.

"माझ्या बापाला चौकात कशापायी टांगलंय?" तिनं विचारलं.

शरयूताईंना वाटलं, पत्ता चुकला असेल. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंचं नाव विजयमाला. रहिमतपूरला दिलेली, माहेर पलूसकडचं कृष्णाकाठचं. डोळे दाखवायला सांगलीला आल्या होत्या, आणि रिक्षातून स्टँडकडे जाताना चौकात त्यांना वडील दिसले होते.

"मावशी, ते आमचे संस्थापक आहेत. नरहरपंत लिमये," शरयूताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "आणि तुमचं ऑपरेशनही ताजंच आहे ना?"

"व्हय. म्हणून तर नीट दिसलं," विजयमाला म्हणाल्या.

एवढं म्हणून त्या उठल्या आणि सरळ सभागृहाच्या दारावरच्या तसबिरीखाली जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा काढला. मग हळू आवाजात, जसं काही तसबिरीलाच सांगावं तसं बोलायला लागल्या. "तातोबा सूर्यवंशी त्याचं नाव. आमी आबा म्हणायचो. आधी पैलवान, मग मिल्ट्रीत. लढाईवनं रजेवर आला तवा मिरजंत फोटो काढला. फेटा आन कोट फोटोवाल्याचाच. कुनीबी आलं की त्योच कोट चढवायचा. हाताखालचं पुस्तक बी त्याचंच. आबाला सहीपुरतं येत व्हतं, बाकी अक्षर म्हंजे म्हशीम्होरं पोथी. आन त्यो डावा कान बघा. शेतात बांधावर बसला, की मी मागनं जाऊन त्या कानाला हात लावायची. दगडागत लागायचा."

कान म्हटल्यावर शरयूताईंनी स्टूल ओढून घेतलं आणि ह्या वेळी त्यावर चढण्याऐवजी मटकन बसल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फोटो एकच होता, तळहाताएवढा. विजयमालांच्या आईनं तो कधी भिंतीवर लावला नाही, ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपला, आणि दर दिवाळीला एकट्या लेकीला बाहेर काढून दाखवला. धाकटा भाऊ दादासो तान्हा असतानाच वडील गेले, त्याला चेहरा ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. २००५ च्या पुरात घरात पाणी शिरलं, ट्रंक भिजली. दादासोनं ओल्या लुगड्याला चिकटलेला फोटो तसाच, घडी न उलगडता, सांगलीला एका फ्रेमवाल्याकडे मोठा करायला टाकला. त्याच महिन्यात वाचनालयानंही आपली भिजलेली तसबीर त्याच्याचकडे टाकली होती. तो फ्रेमवाला आता हयात नाही, त्यामुळे त्याला दोष देऊन उपयोग नाही. पुरानंतर त्याच्या दुकानात अख्ख्या गावाचे ओले पूर्वज एकमेकांना चिकटून पडलेले होते. त्यातून एक फेटेवाला ह्या घरी गेला आणि दुसरा त्या, आणि तळहाताएवढा मूळ फोटो कायमचा हरवला. वाचनालयात तसबीर परत आली तेव्हा 'साफ केल्यामुळे चेहरा उजळलाय' असं सगळ्यांनी म्हटलं. रोज समोर असलेल्या वस्तूकडे कुणी कधी नीट बघतच नाही.

"आन माझ्या म्हायेरी जो आला, त्यो आबा न्हवं, हे मी त्याच दिवशी सांगितलं," विजयमाला म्हणाल्या. "त्याला चष्मा हाय. आबाला कुटला चष्मा? तर दादासो म्हनला, मिल्ट्रीत मिळाला असंल. आता दादासो न्हाई, त्याचा ल्योक सयाजी बी त्येच म्हणतो. आत्ती, तू सहा वर्सांची व्हतीस, तुला काय आठवतंय. वीस वर्सं ऐकतीया. ऐकून ऐकून मलाबी वाटाय लागलं, इसरले का काय मी. बाई, बापाचं तोंडच इसरली तर माझ्याकडं त्याचं उरलं काय?"

चष्मा फोटोपुरता काढून ठेवला असावा, हे आपलं वाक्य शरयूताईंना आठवलं. खेड्यातल्या दादासोनं नसलेला चष्मा मिल्ट्रीतून आणला आणि आपण असलेला चष्मा मेजाच्या खणात घातला. फरक एवढाच, की आपण तो छापला.

वाचनालयाचे अध्यक्ष गोपाळकृष्ण मराठे. उमेदीची वर्षं कोयनानगरच्या वीजप्रकल्पावर गेलेली, भूकंपात हातातली कपबशीसुद्धा न सोडणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला, आणि म्हणाले, "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती."

"आता काय करायचं, साहेब?" शरयूताईंनी विचारलं.

"आधी आपला गणपती बघून येऊ," मराठे म्हणाले.

शुक्रवारी मराठेंच्या गाडीतून तिघं सयाजीच्या गावाला गेली. विजयमालाताई रात्री सांगलीत भाचीकडे राहिल्या होत्या. उसाच्या हिरव्या गर्दीतून रस्ता काढत गाडी स्लॅबच्या टुमदार घरासमोर थांबली. सयाजी सूर्यवंशी, निवृत्त सुभेदार, पायरीवरच उभा होता. त्यानं पाहुण्यांना पाणी दिलं, चहा सांगितला, आणि आत्तीकडे बघून 'आली वाटतं पुन्यांदा त्येच घेऊन' असा चेहरा केला.

बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर तसबीर होती. भोवती लुकलुकणारी दिव्यांची माळ, खाली अक्षरं, 'कै. तातोबा सूर्यवंशी'. आणि आत, फेट्याखाली, सोनेरी काड्यांच्या चष्म्यातून, गालफडं बसलेले, दोन्ही कान शाबूत असलेले, खुद्द नरहरपंत लिमये. हाताखाली तसंच जाड पुस्तक, पण त्यांचं बोट पानांत खूण म्हणून अडकलेलं. अर्धवट वाचून फोटोला बसलेला माणूस. शरयूताईंचे डोळे एकदम भरून आले. तीन वर्षं ज्याच्या मागे लागलो, तो माणूस इथे ऊसवाल्यांच्या घरी मुक्कामाला होता.

"ह्यांचं तुम्ही काय करता? म्हणजे, वर्षभर?" त्यांनी सयाजीला विचारलं.

"सगळं यथासांग हाय," सयाजी अभिमानानं म्हणाला. "पितृपंधरवड्यात पुरनपोळी. आन जत्रंला पयला मान आबांचा, मटनाचं ताट फोटोम्होरं. तांबडा रस्सा, कंदुरीचं बकरं कापल्यावर. आबांना आवडायचं म्हनं लय."

मराठेंना ठसका लागला. नरहरपंतांनी जन्मात कांदा खाल्ला नव्हता, हे शरयूताईंनी सहाव्या प्रकरणात पुराव्यानिशी लिहिलं होतं, आणि ते मात्र खरं होतं.

शरयूताईंनी मोबाइलवर वाचनालयातल्या तसबिरीचा फोटो दाखवला. सयाजीनं तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. कान मोठा करून बघितला. सुभेदार होता, डोळ्यांना दिसत होतं ते न दिसल्यासारखं करणं त्याला जमेना. टीव्हीवरच्या तसबिरीकडे बघितलं, मग खाली बसला.

"पर ह्यांनी काम केलंय की," तो म्हणाला. "आमची राजेश्वरी ब्यांकेच्या परीक्षेला दोनदा पडली. मी ह्यांच्याम्होरं उभा राहून सांगितलं, आबा, पोरीकडं बघा. तिसऱ्यांदा पास झाली. आता तुमी म्हनताय ह्ये आबाच न्हवं."

"परीक्षा त्यांच्याच खात्यातलं काम आहे. ते केलं असेल त्यांनी," मराठे म्हणाले.

सयाजीला हसू आलं नाही. "वीस वर्सं ह्या तोंडाला आबा म्हनलोय. उद्यापासनं त्या कानवाल्याला म्हनू? मला जमायचं न्हाई. आत्ती, तू सहा वर्सांची व्हतीस. त्यो फोटो आबाचा हाय ह्ये तरी तू कशावरनं सांगतीस? कानफुटकं पैलवान लय हायत ह्या मुलखात."

हा प्रश्न वकिली होता. विजयमालाताईंकडे कागद नव्हता, दुसरा फोटो नव्हता, चेहरा पाहिलेलं दुसरं माणूस जिवंत नव्हतं. त्या उठल्या. आवाज चढला नाही की रडल्या नाहीत.

"फोटो ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "तुझा जीव बसलाय, बसू दे. साहेब, माझं मागनं एकच हाय. त्या फुतळ्यावर दुसऱ्याचं नाव घालू नगा. माझा बाप लढाईवनं आला, शेतात राबला, आन एक दिस तापानं गेला. त्याचं नाव घ्यायला मी सोडून कुनी न्हाई. आता त्याचं तोंड चौकात उभं राहनार आन लोक त्याला भलत्याच नावानं हाका मारनार. ह्ये मला बघवायचं न्हाई."

परतताना सांगली आल्यावर मराठे म्हणाले, "बर्वेबाई, उद्या संध्याकाळी कार्यकारिणी बोलावतो. पण तयारीनं या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत."

आणि होतेच. शनिवारी कार्यकारिणीत एक म्हणाले, पुतळा झाकलेलाच ठेवू आणि उन्हाळ्यात बघू. दुसरे म्हणाले, कान घासून टाका आणि चष्मा बसवा, डिंकानं. तिसरे म्हणाले, एका म्हातारीच्या आठवणीवर सव्वाशे वर्षांची संस्था हलवायची का, उद्या आणखी कुणी येईल आणि म्हणेल हे माझे मामा. बहुतेकांचं मत पडलं की रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे होऊ द्यावं, गावाला सांगायची काही गरज नाही, पुतळा काय बोलतोय थोडाच.

शरयूताई इतका वेळ हाताची घडी घालून बसल्या होत्या. खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात तो मोह होता. समोर पुस्तकांचे गठ्ठे होते, पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं, माहेरची माणसं वाईहून प्रकाशनाला निघाली होती. गप्प बसलं की झालं.

"माझं पुस्तक उद्या प्रकाशित होणार नाही," त्या म्हणाल्या. "गठ्ठ्यांची सुतळी मी सोडू देणार नाही. त्यात एक अख्खं प्रकरण खोटं आहे, आणि ते मी लिहिलंय. ते काढून, दुरुस्त करून, पुन्हा छापून होईल तेव्हा होईल. आणि त्या म्हातारीची आठवण म्हणाल, तर वीस वर्षांत ह्या वाचनालयात त्या तसबिरीकडे नीट बघितलेली ती पहिलीच व्यक्ती आहे."

मग कोषाध्यक्षांनी विचारलं, की मग त्या ब्राँझच्या पैलवानाचं करायचं काय, वितळवायचा?

आता मराठे उभे राहिले. "हे बघा," ते म्हणाले, "नरहरपंतांची तसबीर मिळेल किंवा मिळणार नाही, तो सुभेदाराचा प्रश्न. पण ह्या गृहस्थांचा विचार करा. वीस वर्षं दारावर उभे आहेत. एकोणीसच्या पुरात आपण सगळे घर सोडून पळालो, हे इथेच होते. पोरं परीक्षेला जाताना ह्यांच्याच पाया पडून गेलीत. न वाचता, न बोलता, एकही रजा न घेता नोकरी केली ह्यांनी, तीही दुसऱ्याच्या नावावर. आता चूक कळल्यावर त्यांना भट्टीत घालायचं? मी सरकारी नोकरी केलीय, पण इतका निर्दयपणा सरकारनंही केला नाही कधी. पुतळा राहील, अंगणात राहील, आणि स्वतःच्या नावानं राहील."

"वाचनालयाच्या अंगणात निरक्षर पैलवान?" कुणीतरी पुटपुटलं.

"आत बसून पेंगणारे साक्षर चालतात ना," मराठे म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला.

रविवारी सकाळी अंगण भरून गेलं. पाटी एका रात्रीत कोरून होण्यासारखी नव्हती, म्हणून चौथरा कोराच होता. मराठेंनी पाहुण्यांना बाजूला बसवून पडदा ओढायला विजयमालाताईंना बोलावलं. त्यांनी हिरवंगार इरकल नेसलं होतं. शरयूताईंच्या लक्षात आलं की त्या पुतळ्याकडे कमी आणि फाटकाकडे जास्त बघतायत.

"सयाजीराव येणार आहेत का?" शरयूताईंनी हळूच विचारलं.

"फोन केला व्हता. यायचं न्हाई म्हनला," विजयमालाताई म्हणाल्या. "असू दे. पर घरातलं कुनी असतं तर बरं झालं असतं. परक्यांनी मानलं, लय उपकार. घरच्यांनी मानलं न्हाई तर बाई, खोटीच की मी."

पडदा सरकला. ब्राँझचा तातोबा उन्हात चकाकला, मिशा पिळदार आणि कान जसाच्या तसा. मराठेंनी दोन वाक्यांत झालेला गोंधळ सांगितला. लोक आधी चक्रावले, मग हसले, आणि तालमीची पोरं तर कौतुकानं पुढे सरकली. मग मराठे म्हणाले, "ह्यांचं नाव मी सांगणार नाही. ज्यांना ते ठाऊक आहे, त्या सांगतील."

विजयमालाताईंनी माइक दोन्ही हातांनी धरला. "ह्ये तातोबा सूर्यवंशी," त्या म्हणाल्या. "पैलवान व्हते. लढाईला गेलते. माझे वडील."

टाळ्या सुरू होणार तोच पुढच्या रांगेतल्या एका वार्ताहरानं हात वर केला. वाईट हेतू नव्हता बिचाऱ्याचा, बातमीला जोड हवी होती. "आजी, पण खात्रीनं कसं सांगता? ते वारले तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

वीस वर्षं ज्या प्रश्नापुढे विजयमालाताई गप्प बसत आल्या होत्या, तोच आता साऱ्या सांगलीसमोर उभा होता. शरयूताई मदतीला उठल्या, पण काय सांगणार, पुरावा त्यांच्याकडेही नव्हता.

"सहा वर्सांची व्हती," मागून आवाज आला.

फाटकात सयाजी उभा होता. काखेत शालीत गुंडाळलेली मोठी तसबीर, दिव्यांच्या माळेची वायर शालीतून बाहेर लोंबत होती. गर्दीतून वाट काढत तो पुढे आला, तसबीर जपून मराठेंच्या हातात दिली, तिला वाकून नमस्कार केला, आणि पुतळ्यासमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ त्या ब्राँझच्या चेहऱ्याकडे वर बघत राहिला. मग वार्ताहराकडे वळला.

"सहा वर्सांची असली म्हनून काय झालं? बघितलंय ते तिनंच. आमी कुनी बघितलेलं न्हाई, आन तरी आमीच तिला शिकवत आलो. आमची आत्ती म्हनती त्येच खरं हाय. ह्यो माझा आज्जा हाय."

विजयमालाताई माइक धरून तशाच उभ्या होत्या.

"काय म्हनलास रं?" त्यांनी विचारलं. "ऐकू आलं न्हाई. आनिक एकदा म्हन."

ऐकू त्यांना चांगलं आलं होतं, हे मागच्या रांगेलाही कळलं. सयाजीलाही कळलं. तो आत्तीच्या जवळ गेला, आणि माइकपाशी वाकून सगळं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी जरा सावकाश.